रेडियम नसलेलं रेडियम

गळीत हंगामात रात्रीच्या वेळी सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्याने गाडी चालवली असेल, तर हे तुम्ही पाहिलंच असेल. समोर मिट्ट काळोख. आपल्या दिव्यांचा झोत वळणावर फिरतो आणि एकाएकी हवेत एक लाल पट्टी पेटते. ब्रेकवर पाय जातो. जवळ गेल्यावर कळतं, की उसाने दोन्ही अंगांनी फुगलेली ट्रॉली चालली आहे. तिला मागे दिवा नाही. आहे ते फळीवर चिकटवलेलं रेडियम.

या चकाकणाऱ्या स्टिकरला आपल्याकडे हाच शब्द. गावोगाव ‘रेडियम आर्ट’च्या पाट्या आहेत. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलेलं रेडियम त्यात कणभरही नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळांच्या काट्यांना रेडियम मिसळलेला रंग लावत आणि ते काटे अंधारात उजळत. अंधारात चमकतं ते रेडियम, असं समीकरण बसलं असावं. फरक मात्र मोठा आहे. तो काटा स्वतःचा उजेड देई. ट्रॉलीवरची पट्टी उसना उजेड परत करते, आणि तोही ज्याचा त्यालाच.

या रेडियम नसलेल्या रेडियमवर हल्ली ज्या शाईने छापतात, तिचं नाव लॅटेक्स. तिच्यात रबराच्या झाडाचा चीक नाही! दोन्ही नावं खोटी आणि दोन्ही वस्तू अस्सल.

या दोघांची गाठ छपाईच्या दुकानात पडते. अशाच एका दुकानात मी आधी पारदर्शक फिल्मची गंमत बघितली. माणसाच्या उंचीचा रोल लावायचं मशीन, त्यावर काचेच्या दारासाठी क्लिअर व्हिनाइल चढवलेलं. मशीन रोल घेईना. आत ओढायचं, थांबायचं, चूक दाखवून बाहेर सोडायचं. मला वाटलं, बिघडलं. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, “बिघडलं नाही हो साहेब, त्याला दिसत नाहीये.” त्याने पांढऱ्या मास्किंग टेपची पट्टी घेतली, फिल्मच्या कडेला चिकटवली, रोल पुन्हा लावला. मशीनने निमूट घेतला.

हे एवढंसं वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होतो. त्याला दिसत नाहीये. मशीनच्या फिरत्या गाड्यावर एक छोटा डोळा असतो. तो खाली उजेड टाकतो आणि किती परत येतो ते मोजतो. खालचा पाट गडद, कागद किंवा व्हिनाइल पांढरं. जिथे उजेड वाढला तिथे कड, एवढी सोपी त्याची अक्कल. क्लिअर फिल्ममधून त्याला आरपार पाटच दिसतो. त्याच्या लेखी रोल लावलेलाच नाही. काही मशीनना आणखी एक डोळा असतो, पाटाच्या खालून वर बघणारा. तो फिल्मच्या पाठीच्या पोताचे फोटो काढत जातो आणि दोन फोटो ताडून माल किती पुढे सरकला ते ठरवतो. क्लिअर फिल्मची पाठ काचेसारखी गुळगुळीत असेल तर ताडायला काही खूणच नाही. मग माल कधी केसभर जास्त सरकतो, कधी कमी, आणि छपाईत आडव्या रेघा पडतात. दुकानाच्या भाषेत बँडिंग. अशा वेळी शाई उडवणारं हेड साफ करत बसणं म्हणजे पायाला लागलं आणि डोक्याला बाम. हा खालचा डोळा सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा, मालाची सरक हाताने जुळवायची, की बहुतेक वेळा रेघा जातात.

क्लिअर फिल्म मशीनला दिसत नाही, आणि रेडियम त्याला चकवतं. कसं, ते कळायला आधी रेडियम काय करतं ते पाहायला हवं.

पांढरी भिंत उजेड चहूकडे उधळते. आरसा उजेड तिरका आला तर पलीकडे तिरकाच घालवतो. रेडियम तिसरंच काही करतं: उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला माघारी पाठवतं. ट्रॉली थोडी वाकडी असली, पट्टी जरा कलली असली, तरी तुमच्या दिव्यांचा उजेड तुमच्याच गाडीकडे येतो. शेजारच्या शेतात उभ्या माणसाला ती पट्टी जवळजवळ काळीच दिसते.

याच्या दोन युक्त्या आहेत. पहिली काचेच्या मण्यांची. फिल्मच्या आत केसाच्या जाडीच्या आसपासचे गोल मणी पसरलेले असतात. किरण मण्यात शिरताना वाकतो, मागच्या बाजूला एका ठिपक्यावर जमतो, तिथल्या ॲल्युमिनियमच्या मुलाम्यावर आपटतो आणि आल्या वाटेने परततो. खिडकीच्या साध्या काचेला हे जमत नाही. तिचा अपवर्तनांक दीडच्या आसपास. उघड्या मण्यांना सुमारे १.९ लागतो, आणि प्लास्टिकच्या थरात बुडवलेल्या मण्यांना त्याहूनही जास्त. निसर्गाची याच खेळाची कच्ची आवृत्ती फुकट बघायला मिळते. थंडीत सकाळी दंव पडलेल्या हरभऱ्याच्या रानात सूर्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या सावलीच्या डोक्याभोवती उजळ वलय दिसेल. शेजारी उभ्या माणसाला मात्र वलय त्याच्या डोक्याभोवती दिसतं, तुमच्या नाही. प्रत्येक दवबिंदू उजेड आल्या दिशेला परत करतो आणि त्या दिशेच्या रेषेत फक्त ज्याचं त्याचं डोकं असतं.

दुसरी युक्ती कोपऱ्याची. कॅरम खेळणाऱ्याला ती हाताने माहीत आहे. स्ट्रायकर कोपऱ्याजवळ एका कडेवर, मग लगेच दुसऱ्या कडेवर आपटला, की तो आल्या दिशेला समांतर परततो, कोन कोणताही असो. दोनाऐवजी तीन कडा घ्या, एकमेकींना काटकोनात, म्हणजे खोलीचा कोपरा. त्यात शिरलेला किरण तीनदा आपटून माघारी येतो. महागड्या रेडियममध्ये असे सूक्ष्म कोपरे हजारोंनी दाबून उठवलेले असतात. १९६९ साली अपोलो ११ने चंद्रावर ठेवलेल्या तबकात असेच १०० लोलक आहेत, आणि पृथ्वीवरून लेसर मारून त्यांच्याकडून अजून उत्तर घेतलं जातं. आपल्या चांद्रयान-३च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेली आठ लोलकांची छोटीशी घुमटी आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने वरून लेसर टाकला आणि विक्रमकडून तो परत आला. लँडर केव्हाच झोपी गेला होता. पण परत पाठवायला जागं असावं लागत नाही. उसाच्या ट्रॉलीलाही बॅटरी लागत नाही ती याचमुळे.

आता दुकानात येऊ. रेडियमवर छापणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: स्क्रीनवर पांढरं शुभ्र दिसणारं, छापल्यावर दिवसा राखाडी. शाई बदलून काही होत नाही, कारण दोष शाईचा नाही. पांढरा कागद पांढरा दिसतो कारण तो खोलीतला उजेड तुमच्या डोळ्याकडेही उधळतो. रेडियम तो उजेड ज्या खिडकीतून आला तिकडेच परत धाडतं. तुमच्या वाट्याला उरतं ते थोडंच. रंग मोजणारं यंत्रही इथेच फसतं. ते ४५ अंशांतून उजेड टाकतं आणि सरळ वरून बघतं; रेडियम सगळा माल ४५ अंशांकडेच परत करतं. यंत्र म्हणतं, फारच गडद आहे. त्या आकड्यांवर भरवसा ठेवून रंगाचं प्रोफाइल बनवलं तर ते यंत्राच्या समजुतीचं होतं, रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेचं नाही. शहाणे छपाईवाले एक नमुना छापतात, दिवसा उन्हात बघतात आणि मग दुकानातले दिवे मालवून डोळ्याशेजारी टॉर्च धरून बघतात. मला ही पद्धत कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा प्रामाणिक वाटते.

रात्रीचं गणित आणखी कडक आहे. रेडियमवरची शाई ही रंगीत काचेसारखी असते आणि उजेडाला तिच्यातून दोनदा जावं लागतं, एकदा आत जाताना, एकदा बाहेर येताना. शाईने ७० टक्के उजेड जाऊ दिला, तर परत येईतो ४९ टक्के. ३० टक्के जाऊ दिला, तर उरतात ९. रंगांचा रात्रीचा जीव यावरूनच ठरतो. रस्त्याच्या पाट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मणीवाल्या फिल्मला अमेरिकी मानकाने परत येणाऱ्या उजेडासाठी घातलेली किमान अट बघा: पांढऱ्याला ७०, पिवळ्याला ५०, लालला १४, आणि निळ्याला अवघे ४. हे आकडे एकाच मापातले आहेत. निळी पाटी रात्री मंद असते ती कुणाच्या हलगर्जीपणाने नव्हे.

त्यामुळे साध्या व्हिनाइलवर खुलणारा भरगच्च फोटो रेडियमवर रात्री डांबराचा डाग होतो. गिऱ्हाईक म्हणतं, रेडियम नकली दिलं. रेडियम बिचारं खालून उजेड पाठवतच असतं. वर शाईचं घोंगडं पडलेलं. उपाय नीरस आहे: शाईची मर्यादा कमी करा, मोठ्या जागा उघड्या सोडा, चमकायचं ते पिवळ्या-पांढऱ्यात ठेवा आणि काळा फक्त अक्षरांना द्या. काही नवशिके रंग उजळावेत म्हणून खाली पांढरी शाई देतात. दिवसा ते सुंदर दिसतं. रात्री ते रेडियम उरतच नाही, कारण पांढरी शाई म्हणजे पडदा.

आता शाईकडे. लॅटेक्स शाई मला समजली ती फेव्हिकॉलवरून. बाटलीतला फेव्हिकॉल दुधासारखा, वाळल्यावर काचेसारखा. पाण्यात पॉलिमरचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. पाणी उडालं की गोळे एकमेकांना भिडतात, दबतात, त्यांच्या सीमा पुसल्या जातात आणि सलग पापुद्रा तयार होतो. लॅटेक्स शाईतही हेच होतं, फक्त त्या पापुद्र्यात रंगाचे कण कोंडले जातात आणि गोळे मऊ होऊन एक व्हायला उष्णता लागते. एचपी कंपनीने ही शाई २००८ साली बाजारात आणली. उग्र वासाच्या द्रावकांची जागा पाण्याने घेतली. शिवाय छापून निघालेला माल लगेच लॅमिनेट करता येतो, रात्रभर वारा खात ठेवावा लागत नाही.

यातली एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. ही शाई ज्या हेडमधून उडते तिथे ती उष्णतेनेच ढकलली जाते. नोझलमागची इवलीशी तापपट्टी काही मायक्रोसेकंदांत ३०० अंशांच्या वर जाते, शाईच्या पातळ थराचा बुडबुडा फुगतो आणि काही पिकोलिटरचा थेंब बाहेर फेकला जातो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. (ही कल्पना कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सुचली; तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकलं आणि सुईतून शाई उडाली. दोन वर्षांनी एचपीच्या लोकांना तीच गोष्ट स्वतंत्रपणे सापडली.) म्हणजे उष्णतेने घट्ट होणारी शाई आपण उष्णतेनेच उडवतो, आणि ती वाटेत घट्ट होत नाही! ताप इतका थोडा वेळ, इतक्या पातळ थराला लागतो, की बाकीच्या शाईला त्याचा पत्ताच नसतो.

खरी अडचण थेंब खाली पडल्यावर सुरू होते. कागद पाणी पितो. व्हिनाइल पीत नाही. शाईचा निम्म्याहून बराच जास्त भाग पाणी, आणि ते सगळं हवेतच घालवायचं. त्यातून फिल्मचा पृष्ठभाग थेंबाला धरायला नाखूश असेल, तर अळवावरचं पाणी. थेंब पसरायच्या ऐवजी गोळा होतात, शेजाऱ्यात मिसळतात, आणि सपाट निळ्या आकाशावर कांजिण्या उठल्यासारखं दिसतं. कारणं बहुतेक वेळा घरगुती असतात. मऊ व्हिनाइलमध्ये लवचीकपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य रोल पडून राहिला की हळूहळू वर येतं. रोल चढवताना बोटांचे ठसे उमटतात. क्लिअर फिल्म सोलताना, ओढताना विजेचा भार साठतो आणि ती दुकानभरची धूळ स्वतःकडे बोलावते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं, धागे न सोडणारं फडकं फिरवायचं, तेही पूर्ण वाळू द्यायचं. तरी दाणे दिसले तर वेग कमी करून पास, म्हणजे एकाच जागेवरून हेडच्या फेऱ्या, वाढवायचे, म्हणजे प्रत्येक थराला शेजाऱ्यात मिसळण्याआधी बसायला वेळ मिळतो.

या सगळ्यात मी सर्वात जास्त वेळ उष्णतेवर घालवला, कारण दोन्ही फिल्म तिथे नेमक्या उलट वागतात.

रेडियम जाड असतं. वरचा थर, मणी, धातूचा मुलामा, गोंद, मागचा कागद. ते तापायला वेळ लावतं. नेहमीच्या व्हिनाइलच्या सेटिंगवर छापलं, तर बाहेर आलेला माल बोटाला तेलकट लागतो, अंगठ्याने घासला की रंग निघतो. पाणी गेलेलं असतं, पण शाईतली जड द्रव्यं अजून आत असतात आणि गोळे पुरते एकजीव झालेले नसतात. मोह होतो तो तापमानाचा आकडा एकदम वर नेण्याचा. आधी वेळ वाढवा, म्हणजे पास वाढवा. मग शाई कमी करा. आणि तरीही भागलं नाही तरच तापमान चार-पाच अंशांच्या पायरीने चढवा. साधा घास-तपासणीचा नियम पाळा: थंड झालेल्या तुकड्यावर अंगठा जोरात फिरवा, नख ओढा. तो तुकडा पास झाल्याशिवाय वीस मीटरचं काम लावू नका.

क्लिअर फिल्म त्याच गरमीत लोण्यासारखी मऊ होते. कडक पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि लवचीक केलेलं त्याही आधी. शाई पक्की करणाऱ्या भागात यापेक्षा जास्त ऊब असते. मग फिल्मवर लाटा उठतात, कडा भाजल्या पापडासारख्या वळतात आणि वळलेली कड हेडला घासते. एकदा हेड घासलं की त्या दिवसाचा नफा गेला. इथे तापमान खाली आणायचं, पक्कं होण्याची भरपाई वेळेतून करायची. मशीन तापलेलं असताना फिल्म आत तशीच उभी ठेवून चहाला जायचं नाही. परत येईतो तेवढा भाग आखडलेला असतो. आणखी एक जाच म्हणजे हवेची ओढ. फिल्म पाटावर चिकटून राहावी म्हणून खालून हवा ओढली जाते. क्लिअर फिल्मची गुळगुळीत पाठ त्या ओढीने पाटाला इतकी घट्ट बसते की ती पुढे सरकतच नाही, आणि पुन्हा बँडिंग. मघाशी आंधळ्या डोळ्यामुळे आलेलं बँडिंग आणि हे ओढीमुळे आलेलं, दोन्ही दिसायला सारखीच. म्हणून जुने ऑपरेटर एक काम सगळ्यात आधी करतात: तीच फाइल साध्या पांढऱ्या व्हिनाइलवर छापून बघतात. तिथेही रेघा आल्या तर मशीन बघा. तिथे नाही आल्या तर फिल्म बघा. या एका सवयीने जितकी हेड वाचली असतील तितकी कुठल्या माहितीपुस्तिकेने वाचवली नसतील.

राहिली पांढरी शाई. क्लिअरवर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पांढरा पाया नसेल तर काचेवरचा लाल रंग म्हणजे नुसती लाल झाक, मागून उजेड आला की दिसते आणि गेला की विरते. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांतून. हा पदार्थ मुळात पांढरा नाही, पारदर्शक आहे. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, पण कुटून पिठीसाखर केली की पांढरी शुभ्र, तसंच हे. कणाकणाच्या सीमेवर उजेड वळतो, आणि अपवर्तनांक जितका जास्त तितका जास्त उधळतो. याचा २.७च्या आसपास आहे. रेडियममधल्या मण्यांनाही असाच चढा अपवर्तनांक लागतो. तो एकच गुण मण्याच्या गोल आकारात उजेडाला शिस्तीत घरी पाठवतो, आणि मायक्रॉनच्या पाव भागाएवढ्या कणांच्या गर्दीत त्याला वाट्टेल तिकडे पांगवतो. फरक फक्त आकाराचा.

टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड. शाई थांबली की ते तळाला बसतं, ताकाखाली चोथा बसावा तसं. म्हणून मशीन पांढरी शाई सतत फिरवत ठेवतं. मशीन रात्री मेन स्विचवरून बंद करून गेलात, तर सकाळी पांढरा फिका, डागाळलेला येणार, आणि तो परत आणायला शाई वाया जाणार. पांढऱ्याचा थर वाढला की पाणीही वाढतं, म्हणजे क्लिअर फिल्मला जी उष्णता सोसत नाही तीच जास्त लागते. इथे घाई करणारा हमखास तोंडघशी पडतो. शिवाय काचेच्या आतून लावायचं काम असेल तर फाइल आरशासारखी उलटी, आधी रंग आणि त्यावर पांढरा. बाहेरून लावायचं असेल तर सुलटी, आधी पांढरा. हे ठरवायचा क्षण रोल लावण्याआधीचा. दुकानाचं पंधरा फुटी नाव उलटं छापून निघालं, की त्या क्लिअर फिल्मचा उपयोग फक्त पावसाळ्यात सायकल झाकायला.

आता नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीच्या झाल्यापासून रेडियमवाल्यांचं नंबर प्लेटचं काम गेलं, पण ट्रॉल्या, शाळेच्या बस आणि दुकानांची दारं आहेतच. आज रात्री जेवण झाल्यावर खाली उतरा. समोर उभ्या गाडीच्या नंबर प्लेटपासून वीस पावलं मागे या, मोबाइलचा टॉर्च लावून तो कानशिलाला टेकवा आणि प्लेटकडे बघा. मग टॉर्च तसाच पेटता ठेवून हात कमरेपर्यंत खाली न्या.

प्लेट विझलेली दिसेल.